वाचकांचे प्रश्न : महिलांच्या सांघिक टेनिसची लढत

प्रश्न : २००६च्या दोहा आशियाई खेळांत भारताच्या महिलांना सांघिक टेनिसमध्ये रौप्य मिळाले होते. अशा लढतीत जय-पराजय कसा ठरतो?

उत्तर : दोन एकेरी आणि एक दुहेरी, असे तीन सामने. त्यांतले दोन जिंकणारा संघ पुढे जातो. रिवाजाने आधी दोन्ही संघांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडू भिडतात, मग पहिल्या क्रमांकाच्या आणि शेवटी दुहेरी. म्हणून एकट्या अव्वल खेळाडूवर संघ तरत नाही. दुसरीने एकेरी गमावली, तर तिची एकेरी जिंकूनही १-१ होते आणि सगळा भार दुहेरीवर येतो.

खरी कसोटी इथेच आहे. तीन सेटची एकेरी खेळून दमलेल्या खेळाडूला थोड्याच वेळात दुहेरीत उतरवले, तर आधी सर्व्हिसचा वेग पडतो, मग नेटकडे धावायला उशीर होतो. ताज्या दमाची, नेटवर सफाईने खेळणारी जोडी राखून ठेवणे आम्हाला केव्हाही शहाणपणाचे वाटते. सानिया मिर्झाने दोहात एकेरीत रौप्य आणि मिश्र दुहेरीत लिअँडर पेससोबत सुवर्णही मिळवले. एका स्पर्धेत शरीरावर किती ताण येतो, ते यावरून कळावे.

प्रश्न : कर्णधार सल्ला कधी देते?

उत्तर : बाजू बदलताना, ९० सेकंदांत. सेट संपल्यावर १२० सेकंद मिळतात. मात्र सेटच्या पहिल्या गेमनंतर बसायला मिळत नाही. २०१८च्या जकार्ता खेळांत सांघिक प्रकार नव्हताच, याची हळहळ वाटते.