केसांना पावडर नको

प्रश्न : मी साताऱ्याचा, बँकेतून निवृत्त. १९८९ साली आमच्या संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेत जयवंत दळवींचं 'संध्याछाया' केलं होतं. त्यात मी नाना होतो, नाना-नानी या म्हाताऱ्या जोडप्यातला. वय तेव्हा अठ्ठावीस. आता संस्थेतली तरुण मुलं म्हणतात, 'काका, तेच नाटक परत करू, नाना तुम्हीच.' जुनी वही सापडली आहे, पण पाठांतराची धास्ती वाटते. दिग्दर्शक पोरगा नाटकातल्या अमेरिकेच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर आणायचं म्हणतोय. त्यात आमचा मुलगा मेलबर्नला. घरातून विरोध आहे, 'लोकांना वाटेल आपलंच गाऱ्हाणं मांडतायत.' काय करावं?

उत्तर : करा की! फक्त १९८९चा नाना परत करायला जाऊ नका.

तेव्हा तुम्ही काय काय केलं असेल, ते मी न बघताही सांगते. केसांना पांढरी पावडर, कपाळावर पेन्सिलीच्या रेघा, पाठीला बाक, थरथरता हात आणि घसा दाबून काढलेला आवाज. हौशी स्पर्धेतल्या प्रत्येक तरुण म्हाताऱ्याकडे हा संच असतोच, आणि त्याला टाळ्याही पडतात. आता विजयाबाई मेहतांनी नानी उभी केली तेव्हा त्याही चाळिशीच्या आसपासच होत्या, त्यामुळे कमी वयात म्हातारपण करणं काही पाप नव्हे. पण तुमच्याकडे ते आता घरचंच आहे. वरून लावायचं कशाला?

तुमच्या वयाचा माणूस म्हातारपण दाखवत नाही, लपवतो. उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हा कट्ट्यावरच्या मित्रांना उठताना बघा. कण्हत उठणारा क्वचित. बाकीचे बोलता बोलता जरा पुढे सरकतात, तळवा गुडघ्यावर टेकतात, एखादं वाक्य उगाच लांबवतात आणि त्या वाक्याच्या आडून उठून घेतात. उठल्यावर लगेच चालत नाहीत. चष्मा सारखा करतात, खिसे चाचपतात. काही हरवलेलं नसतं हो, गुडघा सुटायची वाट बघत असतात. अठ्ठाविसाव्या वर्षी हे तुम्हाला सुचणं शक्य नव्हतं. नाना पहिल्यांदा खुर्चीतून असे उठले, की प्रेक्षक तुमचे झाले. मग हात थरथरवायची गरज नाही.

पाठांतराचं म्हणाल, तर जुनी वही कपाटात ठेवा आणि छापील प्रत आणा. स्पर्धेच्या वेळेत बसवायला तुमची संहिता नक्कीच कापलेली असणार. मुलं आता पूर्ण नाटक करणार असतील, तर जिथे कात्री लागली होती तिथे तुमची जीभ सवयीने पुढच्या पानावर उडी मारेल आणि बिचारी नवी नानी मागच्या पानावर एकटी उभी राहील. तेव्हा काय कापलं होतं ते आधी शोधून खुणा करा. धोका तिथे आहे, विसरण्यात नाही. संवाद उभ्याने पाठ करा, आणि समोर नानीची वाक्यं देणारं कुणीतरी हवंच. नुसती स्वतःची वाक्यं घोकणारा नट दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत उभा असतो.

पाय तर जिभेहून हट्टी. माझ्या एका जुन्या नाटकात बऱ्याच वर्षांनी परत उभी राहिले, तेव्हा संवाद चोख होते. पाय मात्र उजव्या विंगेकडे वळायचे, कारण जुन्या सेटचं स्वयंपाकघर तिकडे होतं! नवा सेट पहिल्या तालमीपासून जमिनीवर खडूने आखून घ्या. आणि 'जुनी नानी इथे असा पॉज घ्यायची' हे वाक्य तालमीत तोंडातून काढायचं नाही. नव्या मुलीचा त्याने दगड होतो.

व्हिडिओ कॉल नको. नाटक सत्तरच्या दशकातलं आहे, तिथेच राहू द्या. परदेशातल्या मुलाच्या खबरीसाठी टपालाकडे डोळे लावून बसायचा तो काळ. मुलाचा चेहरा रोज पडद्यावर दिसायला लागला, तर नाना-नानींचं ते वाट बघणंच ढिलं पडेल. आजच्या एकटेपणावर त्या पोराला काही म्हणायचं असेल, तर त्याने नवं नाटक लिहावं. मी बघायला येईन.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नाटकात एक मुलगा परदेशी, दुसरा युद्धात मारला जातो, आणि शेवटी नाना-नानी जगणंच संपवतात. हे आपल्या माणसाला करताना बघणं सोपं नाही. त्यांना थेट पहिल्या प्रयोगाला नेऊ नका, आधी तालमीला न्या. तिथे शेवटचा प्रवेश दहा वेळा तुटतो, मधेच चहा येतो, नानी फोन घ्यायला बाहेर जाते, दिग्दर्शक 'काका, अर्धा फूट डावीकडे' म्हणून ओरडतो. ते सगळं बघूनही त्या 'नको' म्हणाल्या, तर मात्र ऐका. साताऱ्यात नाना करणारा दुसरा मिळेल. त्या 'हो' म्हणाल्या, तर लोक काय म्हणतील ते लोकांवर सोडा.

आणि मुलांना एक कामाला लावा. दळवी १९९४ साली गेले. लेखकाच्या मागे साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. हौशी संस्था हे हमखास विसरतात, आणि जाहिरात लागल्यावर धावपळ सुरू होते. तेव्हा वारसांची लेखी परवानगी आधी, मुहूर्ताचा नारळ नंतर.