‘सुधारणाक्षम’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : ‘हा कैदी सुधारणाक्षम आहे’ असे वाक्य वाचनात आले. त्याच्यात सुधारणा व्हायला हवी, असा याचा अर्थ की तो सुधारू शकतो, असा? ‘सुधारण्याजोगा’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : तो सुधारू शकतो, असा. ‘क्षम’ म्हणजे समर्थ. सुधारण्याची गरज सांगायची असेल तर मराठीत ‘सुधारणेला वाव आहे’ हा रुळलेला प्रयोग आहे. तो उणिवेकडे बोट दाखवतो. ‘सुधारणाक्षम’ हा शब्द माणसातल्या शक्यतेची ग्वाही देतो. प्रगतिपुस्तकावर एकाच्या जागी दुसरा लिहिला, तर पालकांपर्यंत वेगळाच निरोप जाईल.

घोटाळा होतो तो मूळ क्रियापदामुळे. ‘मुलगा सुधारला’ यात ते अकर्मक आहे, ‘बाईंनी निबंध सुधारला’ यात सकर्मक. (बोलण्यात अकर्मक अर्थी ‘सुधरला’ अजून ऐकू येते. मरणे-मारणे, पडणे-पाडणे यांसारखीच ती जोडी. लेखनात मात्र बहुतेक जण दोन्हीकडे ‘सुधारणे’च वापरतात.) त्यामुळे ‘कार्यक्षम’ म्हणजे कार्य करण्यास समर्थ, तसे ‘सुधारणाक्षम’ म्हणजे इतरांत सुधारणा घडवण्यास समर्थ, असे कोणाला वाटू शकते. त्या अर्थाला ‘सुधारक’ हा शब्द आहे. आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या पत्राचे नावच ‘सुधारक’ होते. सुधारणा व्हाव्यात असे मत असणारा तो ‘सुधारणावादी’. तो स्वतः सुधारणाक्षम असेलच असे नाही.

‘सुधारण्याजोगा’ चालतो, पण छटा बदलते. ‘पाहण्याजोगा’ म्हणजे पाहता येईल असा आणि पाहावा असाही. ‘-जोगा’मध्ये शक्यतेबरोबर योग्यताही येते. म्हणून मसुदा, आराखडा, हस्ताक्षर यांना ‘सुधारण्याजोगे’ शोभते. माणसाबद्दल, विशेषतः त्याच्या शिक्षेचा किंवा सुटकेचा विचार चालू असताना, ‘सुधारणाक्षम’च लिहावे. बिघडलेल्या यंत्राला यांपैकी काहीच नको. ते ‘दुरुस्त होण्यासारखे’ असते.

लिहिताना शब्द जोडून लिहावा; ‘सुधारणा क्षम’ असा तोडू नये. ‘-जोगा’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो (सुधारण्याजोगी सवय, सुधारण्याजोगे अक्षर), ‘सुधारणाक्षम’ बदलत नाही. भाववाचक नाम ‘सुधारणाक्षमता’. ‘सुधारणाक्षमता असलेला’ ही लांबण टाळावी. ‘सुधारणीय’ हे रूप आम्ही सुचवणार नाही, कारण ‘दंडनीय’, ‘वंदनीय’ यांतल्या ‘-नीय’मुळे ते ‘सुधारायलाच हवा असा’ या अर्थाकडे झुकते.

प्रश्न : मग याच्या उलट शब्द कोणता?

उत्तर : ‘असुधारणाक्षम’ व्याकरणात बसेल, पण जिभेवर बसत नाही. ‘सुधारण्यापलीकडचा’ हे सरळ मराठी आहे. ‘निर्ढावलेला’ म्हणजे सवयीने भीड चेपलेला, ‘कोडगा’ म्हणजे बोलणे किंवा मार अंगाला न लागणारा. दोन्ही शब्द आजची वृत्ती सांगतात. उद्या तो बदलणारच नाही, असा निवाडा त्यांत नाही. तो निवाडा ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणीत आहे, म्हणून अहवालात ती लिहू नये. तिथे काय आढळले एवढेच लिहावे : ‘समुपदेशनाला प्रतिसाद दिला नाही’.