नोंदणी नसेल तर ९० वर्षांचा पट्टा ३ वर्षांचाच

प्रश्न : आम्ही नवराबायको बाणेरला राहतो. अडीच वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका हॉटेलात भरलेल्या मालमत्ता प्रदर्शनात थायलंडमधल्या फुकेतचा एक बंगला बुक केला. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, म्हणून ३०+३०+३० असा ९० वर्षांचा भाडेपट्टा करून दिला आहे. किंमत ४० लाख बाट, म्हणजे साधारण एक कोटी रुपये. ८५ टक्के रक्कम बँकेमार्फत पाठवली, उरलेली ताबा घेताना द्यायची आहे. एजंट म्हणतो, आत्ताच भरा, ताबा लवकर मिळेल. या बंगल्यावर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळेल का? पर्यटकांना भाड्याने देता येईल का? इन्कम टॅक्समध्ये दाखवावा लागतो का? आणि आमच्यानंतर मुलीच्या नावावर कसा करायचा? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : फुकेत, पट्टाया, कोह समुई. पत्रांतलं गाव बदलतं, सोबतचा कागद मात्र तोच असतो. थायलंडची ओढ मला समजते. पुण्याहून बँकॉकला थेट विमान झालं, जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची मुभा मिळाली, आणि समुद्राजवळचा बंगला बाणेरच्या थ्री बीएचकेपेक्षा स्वस्तात पडतो. एवढं सगळं जमून आलं की कागद वाचायचा राहून जातो.

तुमचे चारही प्रश्न एका कलमापाशी अडले आहेत आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. कराराच्या अकराव्या पानावर, सामायिक सुविधांच्या यादीखाली, एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा की पट्ट्याची नोंदणी प्रकल्प पूर्ण झाल्यानंतर, पट्टा देणाऱ्याच्या सोयीने केली जाईल. म्हणजे आजपर्यंत नोंदणी झालेली नाही, आणि ती कधी होणार याची तारीखही नाही.

थायलंडच्या दिवाणी व व्यापारी संहितेचं कलम ५३८ स्पष्ट आहे. स्थावर मिळकतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा लेखी करून सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवलेला नसेल, तर तो फक्त ३ वर्षांपुरता बजावता येतो. करारावर ९० हा आकडा कितीही ठळक छापलेला असो. तुमच्या करारात मुदत सहीच्या तारखेपासून धरली आहे आणि त्यातली अडीच वर्षं गेली. उरले सहा महिने. त्यानंतर जागेत राहत असलात आणि जमीनमालकाने हरकत घेतली नाही, तर तुम्ही बेमुदत भाडेकरू ठरता. अशा भाडेकरूला काढायला दोन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीची नोटीस द्यावी लागत नाही. तुमच्याकडे तर अजून ताबाही नाही.

एवढी मोठी रक्कम आगाऊ घेतली म्हणून हा साधा भाडेपट्टा नाही, असा युक्तिवाद तिथल्या कोर्टात करता येईल. नोंदणी करून द्या, असा दावाही कदाचित लावता येईल. पण ‘सोयीने’ या शब्दाआड समोरचा किती काळ लपू शकेल हे मी इथून सांगू शकत नाही, आणि एक कोटी रुपये युक्तिवादाच्या भरवशावर सोडणं मला पटत नाही.

स्पष्टच बोलतो. वाकडला वन बीएचके घेताना तुम्ही इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, मागितला असता, बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आल्याशिवाय एक रुपया सोडला नसता. भाडेकरू ठेवतानासुद्धा आपण लीव्ह अँड लायसन्स नोंदवून घेतो. मग हप्त्यामागून हप्ते जात असताना एकदाही नोंदणीची पावती मागावीशी वाटली नाही? थाई भाषेतल्या कागदाखाली सही केलीत, इंग्रजी प्रतीवर ‘केवळ माहितीसाठी’ असं छापलेलं दिसत असूनही.

तुम्ही पाठवलेल्या चनोटच्या, म्हणजे तिथल्या जमिनीच्या मालकीपत्राच्या, रंगीत झेरॉक्सवर माथ्याशी लाल गरुड आहे. ही चांगली गोष्ट. तिथे लाल गरुडाचं मालकीपत्र सर्वांत भक्कम मानतात. हिरव्या किंवा काळ्या गरुडाच्या कागदाचा दर्जा त्याखालचा. पण झेरॉक्स एकाच बाजूची आहे. गहाण, भाडेपट्टा, हस्तांतरण या नोंदी चनोटच्या मागच्या बाजूला ओळीने चढतात. जमीन बँकेकडे गहाण असेल तर ते तिथेच कळेल, आणि गहाण असेल तर बँकेच्या संमतीचा मुद्दाही येईल. शिवाय तुमच्या करारात पट्टा देणारी म्हणून जी कंपनी आहे, तिचंच नाव मालक म्हणून चनोटवर आहे का? थाई वाचणाऱ्या माणसाकडून हे पडताळून घ्या. बांधणारी कंपनी एक आणि जमिनीची मालक दुसरी, असं सर्रास असतं.

आता काय करायचं? शेवटचा १५ टक्क्यांचा हप्ता, म्हणजे ६ लाख बाट, एवढंच शस्त्र तुमच्या हातात उरलं आहे. ते टाकू नका. करारानुसार तो ताब्याच्या वेळी देय आहे, तेव्हा आज न भरणं ही कसूर नाही. तरी कसुरीचं कलम तिथल्या वकिलाला दाखवून घ्या आणि पैसे का थांबवले हे लेखी कळवा. वकील तुमचा हवा, विकासकाने सुचवलेला नको. त्याच्यामार्फत नोटीस द्या की अमुक तारखेला त्या भागातल्या लँड ऑफिसात ३० वर्षांचा पट्टा नोंदवून द्यावा. त्याच टेबलावर, नोंद चनोटवर चढताना, बँकेनेच काढलेला धनादेश, म्हणजे कॅशियर्स चेक, पट्टा देणाऱ्याच्या हातात पडेल. नोंदणी शुल्क एकूण भाड्याच्या १ टक्का आणि मुद्रांक ०.१ टक्का. ४० लाख बाटवर ते ४४ हजार बाट होतात, आपले लाखभर रुपये. ते कुणी भरायचे यावरून महिना घालवू नका, वेळ आली तर तुम्हीच भरा. स्वतः जाणं जमत नसेल तर लँड ऑफिसच्या ठरलेल्या नमुन्यात मुखत्यारपत्र लागेल. त्याच्या साक्षांकनासाठी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासात आधी चौकशी करा.

नोंदणी झाली तरी ती ३० वर्षांचीच होईल. कलम ५४० पट्ट्याला ३० वर्षांची कमाल मर्यादा घालतं. पुढची दोन ३० म्हणजे आजच्या मालकाचा शब्द, आणि उद्या त्याने जमीन विकली तर नव्या मालकाला तो शब्द बांधत नाही. नोंदवलेला पट्टा मात्र जमीन विकली तरी टिकतो, तेव्हा हिशेब ३० वर्षांचाच करा. एजंट आता थाई कंपनी काढून जमीनच घ्या असं सुचवेल. नावापुरते थाई भागधारक उभे केले तर १९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्याखाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. त्या वाटेला जाऊ नका. मालकीच हवी होती तर कॉन्डोचा फ्लॅट पाहायला हवा होता. इमारतीच्या विक्रीयोग्य क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी माणसाच्या नावे होऊ शकतं, मात्र पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला लागतो.

तुमचे बाकीचे प्रश्न. भाडेपट्ट्यावर व्हिसा मिळत नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे निकष वय, उत्पन्न, बँकेतली शिल्लक असे वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. पर्यटकांना देण्यासाठी आधी करारात पोटभाड्याची परवानगी हवी. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने दिलं तर २००४ चा तिथला हॉटेल कायदा लागू होऊ शकतो. लहान घरांना काही सवलती आहेत, त्या तुमच्या बंगल्याला बसतात का हे तिथला वकील सांगेल. मुलीबाबत मात्र आत्ताच जागे व्हा. थाई कायद्यात पट्टेदार वारला की पट्टा सहसा तिथेच संपतो. मुलगी सज्ञान असेल तर नोंदणीच्या वेळीच तुम्हा दोघांसोबत तिचं नाव घाला, आणि वारसांचं कलमही लिहून घ्या.

इथली बाजू तुमच्या सीएने पाहायला हवी. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि तुम्ही बँकेतून पाठवलेत, हे बरं केलंत. विकासकाने दिलेल्या हप्त्यांच्या सवलतीकडे फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नजरेने कसं पाहिलं जाईल, यावर मी ठाम बोलणार नाही. रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, हा हक्क दाखवावा असं माझं मत आहे. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, आणि २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला २०२४ मध्ये मिळालेली सूट स्थावराला नाही. पैसे पाठवताना बँकेने आगाऊ घेतलेला कर, म्हणजे टीसीएस, रिटर्नमध्ये वळता करून घेतला का, तेही विचारा.

राहिला पुण्यातला एजंट. महारेरा परदेशातल्या प्रकल्पाला लागू नाही. शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावा लावलात तर पहिली काही वर्षं तारखांतच जातील, आणि तुमच्याकडे सहा महिने आहेत. हुकूमनामा मिळाला तरी थाई कोर्ट तो तसाच बजावत नाही. ग्राहक आयोगात तुमच्या राहत्या जागेवरून तक्रार करता येते, पण मुदत दोन वर्षांची. एजंट म्हणणार, ती सहीपासून मोजा, म्हणजे संपलीच. तुम्हाला म्हणावं लागेल की कारण नोंदणी नाकारली तेव्हा घडलं. म्हणून नोंदणीची मागणी लेखी करा आणि नकार किंवा टाळाटाळही लेखीच मिळवा. प्रदर्शनातली पत्रकं, एजंटला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि ‘नोंदणीची काळजी करू नका’ असं सांगणारे त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज तारखेसकट काढून ठेवा. फोन बदलण्याआधी.