बाहेरच्या डिस्कवरची नवी प्रणाली : दोष प्रणालीचा की वायरीचा?

प्रश्न : लातूरला गंजगोलाईच्या परिसरात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी कामे मी २०१५ च्या उत्तरार्धातील २१.५ इंची आयमॅकवर करतो. पाने लावण्याचे माझे जुने सॉफ्टवेअर ३२ बिटांचे, म्हणजे नव्या प्रणालींवर न चालणाऱ्या जुन्या धाटणीचे असल्यामुळे आतल्या डिस्कवर मोहावे ही मॅकओएस प्रणाली मी मुद्दाम ठेवली आहे. परंतु तिच्यावर ब्राउझर अद्ययावत होत नाही आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, म्हणून १ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर मॉन्टेरे ही तिच्यानंतरची मॅकओएस प्रणाली बसवली. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या विशेषांकाचे काम तिच्यावर सुरू केले आणि अडचणी एकदम उभ्या राहिल्या. संगणक सुरू व्हायला सहा-सात मिनिटे लागतात आणि नंतरही रंगीत चक्र फिरतच राहते. कोणत्या डिस्कवरून सुरू करायचे ते निवडण्यासाठी ऑप्शन कळ दाबून संगणक सुरू केला, तर यादीत ही डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही. काम चालू असताना दोनदा पडदा जागच्या जागी गोठला. मोहावेत आल्यावर ही डिस्क विसंगत असल्याची सूचना येते, आणि एक-दोनदा ‘डिस्क नीट बाहेर काढलेली नाही’ अशीही सूचना आली. शिवाय बिनतारी माउस अडखळत चालतो. ओळखीचे तंत्रज्ञ म्हणतात की जुन्या यंत्राला नवी प्रणाली झेपत नाही, काढून टाका. काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : प्रणाली काढू नका, निदान एवढ्यात तरी नको. आपल्या तक्रारी एका दमात आल्या असल्या तरी त्यांची मुळे वेगवेगळी आहेत, आणि मॉन्टेरेवर संशय घेण्याचे कारण मला फारसे दिसत नाही. त्याचा पुरावा आपल्याच पत्रात आहे. ‘डिस्क नीट बाहेर काढलेली नाही’ ही सूचना आपण मोहावेत असताना आली. त्या वेळी मॉन्टेरे चालूच नव्हती. तिच्या फायली डिस्कवर नुसत्या पडून होत्या. जो दोष नवी प्रणाली बंद असतानाही दिसतो, त्याचे खापर तिच्या डोक्यावर फोडता येत नाही. आपले यंत्र तिला झेपत नाही, हेही पूर्ण खरे नाही. ॲपलच्या यादीप्रमाणे २०१५ च्या उत्तरार्धातील आयमॅकवर मॉन्टेरेपर्यंतच्या सर्व प्रणाली चालतात. २०२२ ची व्हेंचुरा मात्र त्यावर अधिकृतपणे बसत नाही.

विसंगत डिस्कच्या सूचनेने आपण घाबरला असाल, म्हणून तिचा निकाल आधी लावतो. २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून ॲपलने प्रणालीच्या फायली असलेला विभाग डिजिटल स्वाक्षरीने मोहोरबंद करण्यास सुरुवात केली. मोहावे ही २०१८ ची. तिला ही मोहोर ओळखता येत नाही, म्हणून ती तक्रार करते. डिस्क बिघडलेली नाही. सूचना बंद करावी आणि पुढे जावे. दोन गोष्टी मात्र मोहावेतून कधीही करू नका. डिस्क वाचता येत नाही असे सांगून संगणक ती ‘इनिशियलाइझ’ करण्याची परवानगी मागू लागला, तर ती देऊ नका, कारण तसे केल्यास सगळे पुसले जाईल. तसेच मोहावेच्या डिस्क युटिलिटी या डिस्क सांभाळण्याच्या साधनातील ‘फर्स्ट एड’ त्या डिस्कवर चालवू नका. नव्या रचनेच्या डिस्कची दुरुस्ती जुन्या अवजाराने करू नये. गरज पडल्यास मॉन्टेरेच्या स्वतःच्या रिकव्हरी या दुरुस्तीच्या सोयीतूनच करावी.

आता मुख्य गोष्ट. डिस्क कधी दिसणे, कधी न दिसणे, मध्येच पडदा गोठणे आणि मोहावेत ती अचानक ‘निघून’ जाणे ही तिन्ही लक्षणे एकाच दुखण्याची आहेत, आणि ते दुखणे बहुतेक वेळा वायरीत किंवा तिच्या टोकात असते. आतल्या डिस्कची वायर कारखान्यात एकदा बसते आणि तिला पुन्हा कोणी हात लावत नाही. बाहेरच्या डिस्कची वायर मात्र टेबल पुसताना हलते, चहाचा कप ठेवताना ओढली जाते. एरवी फायली ठेवायच्या डिस्कची वायर क्षणभर सुटली, तर एक सूचना येते आणि काम भागते. पण ज्या डिस्कवरून प्रणालीच चालू आहे तिची वायर क्षणभर सुटली, तर पायाखालची जमीनच सरकते. गोठलेला पडदा तो हाच.

आपल्या डिस्कचे टोक एकदा हातात घेऊन पाहा. फिरत्या तबकडीच्या बहुतेक लहान बाह्य डिस्कना चपटे, रुंद आणि मध्ये खाच असलेले टोक असते. खाचेच्या एका बाजूचा मोठा भाग जुन्या यूएसबी २ चा असतो, आणि दुसऱ्या बाजूचा लहान भाग यूएसबी ३ चा वेग आणतो. गंमत अशी की, त्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची साधी मायक्रो यूएसबी वायरही चपखल बसते आणि डिस्क चालूही होते, फक्त सेकंदाला ५ गिगाबिटऐवजी ४८० मेगाबिट या वेगाने. मी स्वतः एकदा संबंध दुपार अशा वायरीवर घालवली आहे. मूळ वायर घरातल्या कोणी तरी फोन लावायला नेली नव्हती, मीच ती दुसऱ्या पिशवीत ठेवली होती, हे कबूल केलेले बरे. रुंद वायर असूनही तिचा लहान भाग सैल झाला असेल, तर परिणाम हाच होतो. त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ. आयमॅकची भोके मागच्या बाजूला, आपण चाचपडत वायर खुपसणार, आणि आत काय साचले आहे ते कधी पाहणार नाही.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा संगणकालाच विचारावे. ऑप्शन कळ दाबून ठेवून ॲपलच्या चिन्हावरील पहिली ओळ निवडावी, ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ची खिडकी उघडेल. तिच्यात डावीकडे यूएसबीवर क्लिक करून आपल्या डिस्कचे नाव शोधावे. खाली ‘स्पीड’ पुढे ५ गिगाबिट लिहिले असेल, तर वायर ठीक आहे. ४८० मेगाबिट लिहिले असेल, तर चोर सापडला. तिथेच उपलब्ध वीजप्रवाहाचा आकडाही असतो : यूएसबी ३ मध्ये ९०० मिलिअँपिअर, यूएसबी २ मध्ये ५००. फिरत्या डिस्कची तबकडी गती घेताना जास्त वीज ओढते, आणि ती कमी पडली की डिस्क पहिल्या प्रयत्नात जागीच होत नाही. ऑप्शन कळ दाबल्यावर ती कधी कधी दिसत नाही, त्याचे हे एक कारण आहे. म्हणून डिस्क हबमध्ये (एका भोकाची अनेक करणाऱ्या जोडणीत) न लावता थेट आयमॅकच्या मागे लावावी, आखूड आणि चांगली वायर घ्यावी, ती झटक्यात पूर्ण आत बसवावी, आणि डिस्कची यादी दिसल्यावर अर्धा मिनिट थांबावे. कळफलकही बिनतारी असेल, तर तपासापुरता वायरीचा लावा. बिनतारी कळफलकाची ऑप्शन कळ संगणकाच्या वेळेवर लक्षात आली नाही, तर तो सरळ ठरलेल्या डिस्कवरून सुरू होतो आणि आपल्याला वाटते की डिस्कच दिसत नाही.

एवढे करूनही सहा-सात मिनिटांचा वेळ फारसा कमी होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे दोष वायरीचा नाही, तबकडीचा आहे. आपली बाह्य डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असावी. म्हणजे तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते, एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते. डोके जागेवर सरकण्याचा वेळ वेगळाच. हिशेब केला, तर इथेतिथे विखुरलेले तुकडे अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच वाचू शकते. एकच मोठी फायल सलग वाचायची असेल, तर हे खुपत नाही, पण प्रणाली सुरू होताना हजारो लहान फायली मागते. त्यात ॲपलची एपीएफएस ही फायलींची रचना मुळात एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्क, डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. बदललेला मजकूर ती जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिते, त्यामुळे तुकडे आणखी पांगतात. एसएसडीला त्याचे काही वाटत नाही. तबकडीच्या डोक्याला मात्र आषाढी वारीसारखी पायपीट घडते. मॉन्टेरेला एपीएफएसशिवाय दुसरी रचना चालत नाही, तेव्हा तो मार्ग बंद. तंत्रज्ञांनी सुचवलेला उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार झाला.

उपाय एकच आणि खर्चाचा : बाहेरची एसएसडी घ्या. साध्या साटा प्रकारची पुरेल, महागडी वेगवान नको, कारण आपल्या आयमॅकचे यूएसबी ५ गिगाबिटच्या पुढे जातच नाही. आणखी एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. २०१५ च्या २१.५ इंची आयमॅकपैकी अनेकांच्या आतली डिस्कही ५४०० फेऱ्यांचीच असते. आपली तशी असेल, तर बाहेरच्या एसएसडीवरची मॉन्टेरे आतल्या मोहावेपेक्षा चपळ चालेल. सध्याची फिरती डिस्क टाइम मशीन या मॅकमधल्याच सोयीच्या बॅकअपसाठी ठेवावी, त्या कामाला ती उत्तम आहे, मात्र नवीन घडी नीट बसल्यावरच.

एसएसडी आल्यावर डिस्क युटिलिटीच्या ‘व्ह्यू’ यादीतून सर्व उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे आतल्या विभागाऐवजी मूळ उपकरण दिसेल. ते एपीएफएस रचनेत आणि जीयूआयडी नकाशात (नकाशा म्हणजे डिस्कवरील विभागांची मांडणी) पुसून घ्यावे. पुष्कळ डिस्क विंडोजच्या नकाशासह येतात, आणि तो तसाच राहिला तर इन्स्टॉलर पुढे सरकत नाही. मग मोहावेतूनच मॉन्टेरेचा इन्स्टॉलर चालवावा. इथे एका पडद्यावर शांतपणे थांबा. कोठे बसवायचे, असे विचारताना इन्स्टॉलर आधी आतलीच डिस्क पुढे करतो. ‘सर्व डिस्क दाखवा’ हे बटण दाबून एसएसडी निवडली नाही आणि घाईत पुढे गेलात, तर मोहावेवरच मॉन्टेरे बसेल आणि आपले ३२ बिटांचे सॉफ्टवेअर त्या क्षणी निरुपयोगी होईल, कारण २०१९ च्या कॅटलिनापासून ॲपलने ३२ बिटांची दारे कायमची बंद केली आहेत. म्हणून आतल्या डिस्कचा पूर्ण बॅकअप आधी घ्यावा. बसवणी चालू असताना आयमॅक इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असावा. आपल्याकडची वीज केव्हा डोळा मारील, हे मी आपल्याला सांगायला नको. इन्स्टॉलर कधी कधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राचे मूळ सॉफ्टवेअरही अद्ययावत करतो, आणि नेमका त्या वेळी दिवा गेलेला परवडत नाही. जुन्या बाह्य डिस्कवरील खाते व फायली नंतर मॅकमधल्या मायग्रेशन असिस्टंट या साधनाने आणता येतील.

पहिले एक-दोन दिवस नवी प्रणाली थोडी जड वाटेल, कारण ती शोधासाठी सगळ्या फायलींची अनुक्रमणिका तयार करीत असते. तेवढ्यावरून मत बनवू नये.

राहिला माउस. यूएसबी ३ च्या वायरी आणि डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात, आणि बिनतारी माउस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने यावर २०१२ मध्येच सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्क आयमॅकच्या पाठीमागे चिकटून ठेवली असेल, तर ती दोन-तीन विती दूर सरकवून पाहा. मोहावेत असताना, डिस्क जोडलेली ठेवून, माउस तसाच अडखळतो का, हेही पाहा.

प्रश्न : माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला बाहेरची एसएसडी जोडून तिच्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली. आता एसएसडी काढली की लॅपटॉप काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ असे लिहून थांबतो. शिवाय उबुंटू वापरून विंडोजमध्ये परतले की घड्याळ मागे गेलेले असते. विंडोज गेले का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : विंडोज सुखरूप आहे. उबुंटू बाहेरच्या डिस्कवर बसले, पण ते सुरू करणारा ग्रब हा लहानसा कार्यक्रम इन्स्टॉलरने आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फायलींच्या कप्प्यात ठेवला. त्याचा बाकीचा संसार बाहेर असल्याने एसएसडी काढताच तो दारात उभा राहतो. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सुरू होण्याच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणा. तत्पूर्वी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण असे बदल केल्यावर विंडोज ती विचारू शकते. कायमचा इलाज हवा असेल आणि उबुंटूत अजून फारसे काही साठवलेले नसेल, तर बायोसमधून आतली डिस्क तात्पुरती बंद करून उबुंटू पुन्हा बसवा, म्हणजे ग्रबला एसएसडीवरच राहावे लागेल.

घड्याळ किती मागे जाते ते आपण लिहिले नाही, पण ते साडेपाच तास असणार. उबुंटू मदरबोर्डवरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावते आणि भारतीय वेळ दाखवताना साडेपाच तास मिळवते. विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून जसेच्या तसे वाचते. सकाळी ११ वाजता म्हणूनच विंडोजमध्ये साडेपाच वाजलेले दिसतात. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत एकदा दिली की दोघांचे एकमत होते.

प्रश्न : विंडोज ११ अशाच प्रकारे बाहेरच्या डिस्कवर बसवता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर बसवण्यास नकार देतो, आणि त्यासाठी असलेली ‘विंडोज टू गो’ ही सोय कंपनीने २०२० मध्ये विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून काढून टाकली. रुफससारख्या साधनाने ते साधता येते. पण रोजच्या कामाच्या, विशेषतः हिशेबाच्या यंत्रासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. लॅपटॉप उघडून आतली डिस्क बदलता येत असेल, तर तेवढ्याच पैशांत आत एसएसडी टाकून घ्या.