जुन्या क्राफ्ट्समन टेबल सॉला (टेबलातून ब्लेड वर येणारी लाकूड कापायची करवत) भुसा ओढून घेणारं डस्ट कलेक्शन कसं बसवायचं? शॉप व्हॅक पुरेल का?

एकट्या शॉप व्हॅकने, म्हणजे वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरने, नाही भागणार. पण नुसता मोठा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून पिशवीत जमा करणारं मशीन) आणून होज खाली अडकवलात तरी फार फरक पडणार नाही.

तुम्ही लिहिलंय की मॉडेल नंबर ११३ ने सुरू होतो, मागची बाजू उघडी, मोटर बाहेर लटकते आणि गॅरेजमधल्या गाडीवरही भुसा बसतो. म्हणजे सिअर्स ही दुकानांची कंपनी क्राफ्ट्समन नावाने विकायला एमर्सन कंपनीकडून बनवून घ्यायची तोच सॉ, इकडे अमेरिकेत गराज सेलला हमखास दिसतो, माझ्याकडेही त्यातलाच आहे. मशीन दणकट, पण बनवणाऱ्यांनी धुळीचा विचारच केला नव्हता, भुसा पडू दे खाली, संध्याकाळी झाडू मारू, एवढाच हिशोब.

शॉप व्हॅकचा होज अडीच इंची, तो ओढतो जोरात पण हवा थोडीच नेतो, आणि या सॉला हवा भरपूर लागते. असल्या मागे मोटर लटकणाऱ्या सॉला (याला कॉन्ट्रॅक्टर सॉ म्हणतात) ४ इंची पोर्टवर, म्हणजे होज जोडायच्या तोंडावर, मिनिटाला साधारण ३५० घनफूट हवा धरतात, ते काम डस्ट कलेक्टरचंच. होज शक्य तितका आखूड ठेवा, वळणं कमी.

पण आधी फटी. खालचं उघडं तोंड अर्धा इंची प्लायने बंद करा आणि मधे ४ इंची फ्लँज (होज अडकवायचं कडं) बसवा, जागा असेल तर प्लाय उतरता लावा म्हणजे कोपऱ्यात भुसा साठत नाही. टेबल आणि बेसच्या मधे चारही बाजूंनी फट असते, तिथे फोमची पट्टी. खरी डोकेदुखी मागची बाजू, कारण ब्लेड वरखाली केलं की बेल्ट जागा बदलतो आणि ब्लेड तिरकं केलं की अख्खी मोटर झुलते. म्हणून आधी पुठ्ठा कापून बघा, प्लग काढून ठेवा, हँडव्हील ४५ अंशापर्यंत फिरवा, ब्लेड पूर्ण वर पूर्ण खाली करा, पुठ्ठा कुठे घासतो तिथे पेनाने खूण करा, मगच प्लाय कापा. तो दोन तुकड्यात करून चुंबकांवर लावा, स्क्रू नको, तिरकी कट मारायची असली की पटकन निघायला हवा. मोटरभोवती मात्र खोकं बांधू नका, या जुन्या मोटरी उघड्या असतात, गरम होतील.

आणि सगळंच हवाबंद पण करू नका हं! आत हवा शिरायला वाट नसेल तर कलेक्टर ओढणार काय? झीरो क्लिअरन्स इन्सर्ट (ब्लेडभोवती जवळजवळ फट न सोडणारी टेबलमधली पट्टी) असेल तर वरून हवा जवळजवळ येतच नाही, मग पुढची टिल्टची फट (ब्लेड तिरकं करताना हँडव्हील जिथे सरकतं ती) थोडी उघडी राहू द्या.

एवढं करूनही वर धूळ उडणारच. दातांच्या खाचांत अडकलेला भुसा ब्लेडबरोबर वर येतो आणि थेट तुमच्या तोंडावर. त्याला वरून होज जोडता येईल असं गार्ड लागतं, आणि इथे तुमचा शॉप व्हॅक कामाला येईल. जुन्या सॉबरोबर ओरिजिनल गार्ड क्वचितच मिळतं, आधीच्या मालकाने कधीच काढून फेकलेलं असतं, त्यामुळे नवीन घ्यावंच लागेल, हाताच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही.

पैसे वाचवायचेच तर हॉर्सपॉवरमध्ये वाचवा, फिल्टरमध्ये नाही. स्वस्त कलेक्टरबरोबर येणारी ३० मायक्रॉनची कापडी पिशवी जाड भुसा धरते आणि बारीक धूळ परत खोलीत सोडते, म्हणजे जी फुफ्फुसात जाते नेमकी तीच. १ मायक्रॉनचा कॅनिस्टर (डब्यासारखा घट्ट फिल्टर) घ्या. लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून १९९५ पासून आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे, एमडीएफ कापत असाल तर एन९५ मास्क घालाच.

आणि हो, हे सगळं बसवायला सॉ उलटा कराल तेव्हाच आतल्या गिअरवरचं जुनं ग्रीस खरवडून काढा, त्यात भुसा बसून त्याचा चिखल झालेला असतो आणि हँडव्हील जड फिरतं. परत ग्रीस लावू नका, पेस्ट वॅक्स किंवा ड्राय ल्यूब (कोरडं वंगण) लावा.