‘मॅडम, ओपनमधून लागले म्हणून सांग, असं सांगू का तिला?’

फोन वडिलांचा होता. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मुलगी राखीव जागेवर सरकारी मेडिकलला लागून चार महिने झाले होते. आधी तिच्या झोपेबद्दल बोलले, मग जेवणाबद्दल, आणि फोन ठेवता ठेवता खरं ते बाहेर आलं. ‘हॉस्टेलवर कुणी विचारलं तर ओपनमधून लागले म्हणून सांग, असं सांगू का तिला? निदान पहिलं वर्ष तरी निघून जाईल.’

मी समुपदेशक. ॲडमिशनचा हंगाम संपला की हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येतो. म्हणून ही गोष्ट सांगते, तिला विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगी आली ती खुर्चीच्या कडेवर बसली, बॅग मांडीवर. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते. 2019 साली मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टरने जीव दिला, सीनियरनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. तेव्हापासून तर आडवळणाने विचारणं मी सोडलंच आहे. ती नाही म्हणाली. झोप लागत नाही, एवढंच.

मग मी चूक केली. ‘अगं, हुशार आहेस म्हणून तर इथवर आलीस.’

ती हसली. ‘हे ओपनवाल्यांना कुणी सांगत नाही ना, मॅडम?’

गप्प बसले. धीर द्यायच्या घाईत मीसुद्धा तिची हुशारी सिद्ध करायला निघाले होते.

हळूहळू एक प्रसंग बाहेर आला. डिसेक्शन हॉल, टेबलाभोवती मुलं दाटीवाटीने उभी. सरांनी विचारलं, मनगट लुळं पडलं तर कुठली नस गेली? रेडियल. तिला येत होतं, जिभेवर होतं, पण बोलली नाही. शेजारच्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं, सर त्याला ‘गाढवा’ म्हणाले, सगळे हसले आणि विषय संपला. ‘तो चुकला की तो एकटा चुकतो, मॅडम. मी चुकले की आमचे सगळे चुकतात.’

त्याच्या आदल्या आठवड्यात मेसमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, ‘उद्या पेशंटच्या पोटात कात्री विसरणारे हेच.’ नाव कुणाचं घेतलं नव्हतं. टेबल हसलं, तीही हसली. झोप उडाली होती ती त्या स्वतःच्या हसण्याने.

मी तिला एक वही घ्यायला सांगितली. रोज दोनच आकडे: किती प्रश्नांची उत्तरं येत होती, आणि किती दिली. पहिल्या आठवड्यात अकरा आणि दोन. आकड्यांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटतं, आपल्याला येतं हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

कात्रीच्या टोमण्याला मात्र तिला सरळ उत्तर हवं होतं, आणि तिला ते मिळायलाच हवं होतं. नीटला पात्रतेची अट खुल्या प्रवर्गाला 50 पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसीला 40. सवलत आहे, ती का नाकारायची? पण ती दारापर्यंतच. आत गेल्यावर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच आणि पासिंगही एकच. नोकरीच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची आकडेवारी तपासली होती. आरक्षणाने लागलेल्यांमुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. रेल्वे म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे, हे मान्य. पण टोमणा मारणाऱ्याकडे तेवढंही नसतं. शिवाय खासगी कॉलेजांत 15 टक्क्यांपर्यंत एनआरआय कोटा असतो, फी कित्येक पट. त्या मुलांना कात्रीवरून कुणी बोलल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

तक्रार कर, कॉलेजात एससी-एसटी सेल आहे, असंही मी सुचवलं. ती तयार नव्हती. मी रेटलं नाही, फक्त कोण, कधी, काय म्हणालं ते त्याच वहीत मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवायला सांगितलं. पुढेमागे लागलंच तर.

त्याच महिन्यात माझ्यासमोर खुल्या प्रवर्गातला एक मुलगाही बसत होता. थोडक्या मार्कांनी सरकारी सीट हुकलेली, आई ऑफिसात क्लार्क, खासगीची फी आवाक्याबाहेर. त्याचं रडणं खरंच होतं. पण ‘त्यांनी माझी सीट घेतली’ हे त्याचं वाक्य मी तसंच सोडलं नाही. खुला प्रवर्ग हा कुणाचा राखीव कोटा नाही. पुरेसे मार्क असतील तर राखीव प्रवर्गातलं मूलही तिथे बसतं. त्याच्या घराची मिळकत ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या, मर्यादेत होती, 2019 पासूनच्या त्या 10 टक्के आरक्षणात तो बसत होता. दाखला काढायचा राहून गेला होता. त्याने वर्षभर दुसऱ्यांच्या सीटा मोजल्या.

वडिलांना मी सांगितलं: खोटं बोलायला लावू नका. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, निवड यादीत नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो, ते लपत नाही. आणि खोटं एकदा बोललं की रात्रंदिवस राखत बसावं लागतं. मात्र नीटचे मार्क कुणी विचारले तर सांगायला ती बांधील नाही. ते म्हणाले, ‘आमच्या घरात शाहू महाराजांचा फोटो आहे, मॅडम. 1902 साली त्यांनी कोल्हापुरात नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, हे मीच पोरीला पाठ करून घेतलं. आणि आता मीच लपव म्हणतोय.’ पुढे बराच वेळ फोनवर नुसता वर्कशॉपचा आवाज.

सहाव्या भेटीत वहीतले आकडे चौदा आणि नऊ होते. एका सरांसमोर ती अजूनही तोंड उघडत नाही. पण आली ती मेसचा किस्सा घेऊनच. कुणीतरी ताटावरून मान वर न करता विचारलं, ‘तू कुठल्या कॅटेगरीतून गं?’

‘एससी. तू?’

‘ओपन.’

‘बरं. मीठ दे जरा.’

वडिलांना सांगितलंस का, मी विचारलं.

‘सांगितलं ना. ते म्हणाले, मग दिलं का त्याने मीठ?’