वॅगन आर तापतेय, पार्ट कुठले टाकू?

प्रश्न: नमस्कार सर, माझी २००५ ची वॅगन आर आहे, पेट्रोल. मागच्या वर्षीच पासिंग पाच वर्षांनी वाढवून घेतलंय म्हणजे एवढ्यात विकायची नाहीये. गेल्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात टेंपरेचरचा काटा एकदम वर गेला, बाजूला घेऊन अर्धा तास थांबले, पाणी टाकलं आणि कशीबशी पोचले. धायरीहून स्वारगेटला येताना मात्र ट्रॅफिकमधे काही होत नाही. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट सगळंच टाकून घ्या, अठरा हजार होतील. मिस्टर नाना पेठेत चौकशी करून आले तर एकाच पंपाचे तीन भाव, आणि एक जण तर स्क्रॅपच्या गाडीचा काढून देतो म्हणाला. कुठला घेऊ?
– एक वाचक, धायरी

उत्तर: ताई, मिस्टरांना परत नाना पेठेत पाठवायची घाई करू नका, कारण अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय. ट्रॅफिकमधे तापत नाही आणि घाटात तापते, म्हणजे फॅन बहुतेक ठीक आहे. उलटं असतं तर मी आधी फॅन, त्याचा रिले आणि स्विच बघायला सांगितलं असतं. तुमच्याकडे एकतर पाणी पुरेसं फिरत नाहीये नाहीतर फिरतंय पण गार होत नाहीये. त्यासाठी चारही वस्तू एकदम बदलणं म्हणजे ताप कशाने आला ते न बघता सगळ्या गोळ्या एकदम देण्यासारखं झालं.

सगळ्यात महागडी शंका आधी फेडून घ्या, हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलची. सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढायचं (गरम असताना कधीच नाही, घाटात तर अजिबात नाही) आणि इंजिन चालू करायचं. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती आत अडकलेली हवा. पण थांबतच नसतील, पाणी उसळून बाहेर येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय खरा. ऑइलचं झाकणही उघडून बघा, फक्त झाकणाखाली पांढरट साय असेल तर घाबरू नका, रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तशी जमते, पण डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइलच ताकासारखं दिसलं तर मग हेड उतरवावंच लागेल. आणि उतरवलंच तर नुसतं नवं गॅस्केट दाबून बसवू देऊ नका, हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापून वाकतं, आधी त्याची सपाटी तपासून गरज असेल तर फेसिंग करून (मशीनवर घासून सपाट करून) घ्यायचं.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. हा घरी तपासता येतो आणि मला तर यात मजा वाटते. काढून आणायचा, जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर धरायचा, फक्त तापाचा नको, तो फुटेल. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, बऱ्याचदा ८२ (अंश सेल्सिअस), त्याच्या आसपास व्हॉल्व्ह हळूहळू उचलायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या बेताला येईपर्यंत सताड उघडायला हवा. आपलं पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी ९८ लाच उकळतं, तेवढं लक्षात ठेवा. अर्धवटच उघडला तर तुमचा चोर सापडला. काही मेकॅनिक म्हणतात काढूनच टाका ना, कटकट नको. ऐकू नका. इंजिन वेळेत गरम होत नाही, कम्प्युटरला वाटतं गाडी गारच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो.

थर्मोस्टॅट निर्दोष निघाला तर रेडिएटर, म्हणजे पाणी गार करणारी पुढची जाळी. सोसायटीतलं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं टाकलं असेल तर आत क्षार धरून नळ्या बुजतात. गाडी फिरवून आणा, बंद करा, फॅनचं कनेक्शन काढा आणि जाळीवर हात फिरवा (जपून, चटका बसतो). मधेच गार पट्टा लागला तर तिथून पाणी जातच नाहीये. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधे माती, पिसं, किडे अडकलेत का तेही बघा, नुसतं ते धुऊन बऱ्या झालेल्या गाड्या मी पाहिल्यात.

पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून पाणी पाझरतं आणि सुकल्यावर डाग राहतो. डाग नसेल, पुली ढिली होऊन डुगडुगत नसेल, आवाज नसेल तर घाटातल्या त्रासासाठी पंपावर पैसे घालवायची घाई नको.

मग घ्यायचं कुठलं? थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण डोळे झाकून मारुतीच्या काउंटरवरून, दोन्ही त्या मानाने स्वस्त आणि दोन्हीवर इंजिनचा जीव. झाकणावर दाबाचा आकडा ०.९ असेल तर ०.९ च घ्या, त्या दाबामुळे पाणी ११८ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, पण म्हणून कोणी १.१ चं देतो म्हणाला तर नको, जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जोडावर फुटते. रेडिएटर मात्र बॅन्कोसारख्या नावाजलेल्या कंपनीचा घेतलात तरी चालेल, जुना सोबत न्या आणि कोअरची (मधल्या जाळीची) जाडी शेजारी ठेवून बघा. पंप लागलाच तर लोकल नको. माझ्या मारुती ८०० ला मी एकदा स्वस्तातला टाकला होता, चार महिन्यांत त्याच भोकातून टपकायला लागला, मजुरी परत दिली ती वेगळीच. स्क्रॅपमधून रिझर्व्ह बाटली, फॅनचं कव्हर, ब्रॅकेट खुशाल घ्या. पंप, होज पाईप, थर्मोस्टॅट नाही.

माझा अंदाज थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर, अठरा हजार नक्कीच लागू नयेत. आणि ते खंबाटकीत टाकलेलं पाणी काढून नीट कुलंट (इंजिन गार ठेवणारं आणि गंजापासून वाचवणारं रंगीत द्रव) भरून घ्या.

प्रश्न: आधीचा कुलंट हिरवा होता, वर लाल टाकला तर चालेल?
– एक वाचक, पिंपळे गुरव

उत्तर: रंग म्हणजे नुसता रंग हो, आतलं रसायन वेगळं असू शकतं आणि मिसळलं की गंजापासूनचं संरक्षण कमी होतं. सगळा काढा, फ्लश करा (आतून पाण्याने धुऊन काढा), एकच भरा. रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला दाट) असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.